वाढ दिसते, पैसा कुठे आहे?

‘वाढणारी कंपनी कधीच स्वस्त मिळत नाही’ हे वाक्य गेल्या पाच-सहा वर्षांत आपल्याकडे इतकं मुरलं आहे की त्याला कोणी पुरावाच मागत नाही. डीमॅट खातं उघडून वर्षही न झालेला पुतण्या ते काकांना ऐकवतो. ज्या काकांनी आयुष्यभर पाव टक्का जास्त व्याजासाठी बँका बदलल्या, तेही मान डोलावतात. वाक्याचा मथितार्थ असा, की छोट्या कंपनीचा शेअर नफ्याच्या साठपट, ऐंशीपट, शंभरपट भावाने मिळत असला तरी बिचकू नका. नफा वाढत जाईल आणि आजचा महाग भाव चार वर्षांनी स्वस्त वाटेल. पीई, म्हणजे भाव नफ्याच्या किती पट आहे, ते बघत बसले ते मागे राहिले.

या पक्षाची बाजू आधी नीट मांडायला हवी, कारण ती अगदीच पोकळ नाही. पेज इंडस्ट्रीजचा शेअर २००७ साली ३६० रुपयांना विक्रीला आला आणि पुढे चाळीस हजारांच्या पलीकडे गेला. वाटेतली बरीच वर्षं तो रूढ मोजमापाने महागच होता. महाग म्हणून ज्यांनी तो सोडला, त्यांनी खरोखरच मोठी संधी घालवली. या पक्षाचं दुसरं म्हणणं असं की छोट्या कंपन्यांकडे बड्या संस्थांचं लक्ष उशिरा जातं, म्हणून लवकर शिरणाऱ्याला फायदा मिळतो. हेही खरं आहे. तिसरं म्हणणं मात्र मोघम असतं आणि बहुतेक वेळा न बोलता गृहीत धरलेलं असतं: सेबी आहे, ऑडिटर आहे, म्युच्युअल फंड आहेत, इश्यूला शेकडो पट भरणा झालाय, म्हणजे कोणीतरी तपासलंच असेल.

पहिल्या मुद्द्यातली मेख ही की पोवाडे जिंकलेल्यांचेच गायले जातात. पेजचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच सुमारास तितक्याच महाग भावाने विकल्या गेलेल्या आणि आज व्यवहारही होत नसलेल्या कंपन्यांची नावं कोणाच्या लक्षात नाहीत. मुंबई शेअर बाजाराचा स्मॉलकॅप निर्देशांक जानेवारी २००८ मध्ये चौदा हजारांच्या वर होता. मार्च २००९ मध्ये तो तीन हजारांच्या खाली आला. जुनी पातळी पुन्हा गाठायला २०१७ साल उजाडलं. तेवढ्या काळात आठ टक्क्यांच्या मुदत ठेवीचे दुप्पट झाले असते. शिवाय हा निर्देशांकाचा हिशेब झाला. निर्देशांकातून रोगट कंपन्या वेळोवेळी काढतात आणि धडधाकट आत घेतात. तुमच्या डीमॅट खात्यातून मेलेली कंपनी कोणी काढून नेत नाही.

आता शंभरपट भावाचा साधा हिशेब करू. समजा एका कंपनीचे दोन कोटी शेअर आहेत, भाव ५०० रुपये आहे आणि वर्षाचा नफा १० कोटी आहे. म्हणजे बाजारमूल्य १,००० कोटी झालं आणि पीई शंभर. गुंतवणूकदाराला दहा वर्षं वर्षाला बारा टक्के मिळायचे, तर बाजारमूल्य ३,१०० कोटींच्या आसपास जायला हवं. तोवर कंपनी मोठी झालेली असेल आणि बाजार तिला वीसपट भाव देत असेल असं धरू. जाणत्या वयाच्या कंपनीला हा भाव काही वाईट नाही. मग नफा लागेल १५५ कोटी. दहाचे एकशेपंचावन्न दहा वर्षांत व्हायचे, तर नफा दरवर्षी साडेएकतीस टक्क्यांनी वाढला पाहिजे, आणि तोही मध्ये एकही वर्ष न चुकता. एवढं करून हाती पडणार बारा टक्के. आणि मधल्या काळात कंपनीने नवे शेअर काढून संख्या चाळीस टक्क्यांनी वाढवली, तर १५५ कोटींऐवजी २१७ कोटी नफा लागेल. ‘वाढ भावाला गाठेल’ असं म्हणणाऱ्याने निदान हा गुणाकार कागदावर मांडून दाखवावा. अशी वाढ अशक्य नसते. पण शंभर कंपन्यांमध्ये तशा किती निघतात, हा प्रश्न विचारला की समोरचा पुन्हा पेजचंच उदाहरण देतो.

याहून खोल चूक ‘बाजारमूल्य’ या कल्पनेतच दडली आहे. वरच्या कंपनीत प्रवर्तकांकडे सत्तर टक्के शेअर आहेत. उरलेल्या साठ लाखांपैकी पन्नास लाख त्यांच्या गोतावळ्यात आणि ‘जवळच्या’ खात्यांमध्ये आहेत. बाजारात फिरतात ते फार तर दहा लाख, आणि रोज हातबदल होतो पाच हजार शेअरचा. पाच हजार गुणिले पाचशे म्हणजे पंचवीस लाख रुपये. पंचवीस लाखांच्या उलाढालीवर एक हजार कोटींची किंमत ठरते. गावाकडे जमिनीचं असंच होतं. शहरातला कोणी हौशी माणूस हायवेलगतचा एक गुंठा पाच लाखांना घेतो आणि संध्याकाळपर्यंत गावातला प्रत्येक एकरवाला चाळीसने गुणून दोन कोटींचा धनी होतो. विकायला काढली की गिऱ्हाईक मिळत नाही.

म्हणून ‘बाजार भाव देतोय म्हणजे काहीतरी असेलच’ हा युक्तिवाद मोठ्या कंपनीबाबत निदान चर्चेचा तरी आहे, छोट्या कंपनीबाबत तर तो लंगडाच पडतो. तिथे भाव ठरवायला फार हात लागत नाहीत. रोज पाच टक्क्यांचं अप्पर सर्किट (दिवसातल्या भाववाढीची कमाल मर्यादा) लागलं तर वीस व्यवहारदिवसांत भाव अडीचपटींहून जास्त होतो. त्यासाठी दर सकाळी थोडेसे शेअर वरच्या भावाने उचलावे लागतात, एवढंच. उतरताना नेमकं उलटं घडतं. लोअर सर्किटवर घेणाराच नसतो, त्यामुळे ‘मी स्टॉपलॉस लावलाय’ हे वाक्य तिथे नुसतं समाधानापुरतं उरतं. वीस दिवस खालचं सर्किट लागलं तर ५०० चा शेअर १८० च्या खाली जातो आणि त्या वीसही दिवसांत तुमची विक्रीची ऑर्डर रांगेत पडून राहते.

साधना ब्रॉडकास्टचं प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. २०२२ मध्ये यूट्यूबवरच्या दोन वाहिन्यांनी या कंपनीविषयी खोट्या बातम्या पसरवल्या. मोठा उद्योगसमूह ती विकत घेणार, असाही त्यांत दावा होता. सेबीने मार्च २०२३ च्या अंतरिम आदेशात नोंदवलं की त्या काळात छोट्या भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ वर गेली. भाव वर असताना पन्नास हजारांहून जास्त माणसं आत आली आणि त्यांना विकून आधीची मंडळी बाहेर पडली. कोणत्याही छोट्या कंपनीची भागधारणा दर तिमाहीला बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट दिसते. तिथे ‘दोन लाखांपर्यंत भांडवल असलेले व्यक्तिगत भागधारक’ अशी एक ओळ असते. त्या ओळीतली संख्या एका तिमाहीत कैकपट झाली असेल, तर आतल्यांच्या शेअरचं वाटप सुरू झालं आहे आणि ते तुम्हालाच होतंय असं खुशाल समजावं.

भरण्याच्या पटींबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलावं लागतं. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीतल्या रिसोर्सफुल ऑटोमोबाइल या कंपनीचा इश्यू आला. यामाहाच्या दुचाकींची दोन शोरूम, आठ कर्मचारी आणि इश्यूची रक्कम जेमतेम १२ कोटी. मागण्या आल्या ४,७०० कोटींहून जास्त रकमेच्या, म्हणजे चारशे पटींच्या घरात. लिस्टिंगच्या दिवशी भाव इश्यूच्याच किमतीला, ११७ रुपयांना उघडला. चारशे पटींत कंपनीविषयी मत व्यक्त होतच नाही. त्यात दोनच गोष्टी दिसतात: इश्यू किती चिमुकला होता आणि किती जणांना लिस्टिंगच्या सकाळी विकून मोकळं व्हायचं होतं. अर्ज करताना पैसे खात्यातच अडकून राहतात, वाटप झालं नाही तर सुटतात. मग मागणी फुगवायला कोणाचं काय जातं? उलट बाजूही ऐका. १९९३ मध्ये इन्फोसिसचा इश्यू ९५ रुपयांना आला तेव्हा तो पूर्ण भरलासुद्धा नव्हता. उरलेले शेअर मॉर्गन स्टॅन्लीने उचलले.

‘सेबी आहे ना’ या श्रद्धेबद्दल एक कोरडी माहिती. एसएमई मंचावरच्या, म्हणजे छोट्या-मध्यम कंपन्यांसाठीच्या वेगळ्या मंचावरच्या, इश्यूचं माहितीपत्रक सेबी तपासत नाही, ते शेअर बाजार तपासतो. आणि मुख्य मंचावरच्या माहितीपत्रकातसुद्धा सेबी कंपनीची हमी घेत नाही, असं ठळक छापलेलं असतं. नोएडाच्या ट्रॅफिकसोल या कंपनीचा ४५ कोटींच्या आसपासचा इश्यू सप्टेंबर २०२४ मध्ये ३४५ पट भरला. तक्रारी आल्यावर लिस्टिंग थांबवलं गेलं. इश्यूच्या पैशांतून १७.७० कोटींचं सॉफ्टवेअर ज्या विक्रेत्याकडून घ्यायचं होतं, तो विक्रेता केवळ कागदावरचा असल्याचं तपासात निघालं आणि डिसेंबरमध्ये सेबीने पैसे परत करायला लावले. यंत्रणेने काम केलं, हे मान्य. पण ते कधी केलं? ३४५ पट भरणा करणाऱ्यांचं तपासून झाल्यावर.

आता वाढीकडे येऊ, कारण प्रतिपक्षाचा खरा किल्ला तोच आहे. जेनसोल इंजिनिअरिंगचं उदाहरण घेतो, कारण वाढीच्या कसोटीवर ती पैकीच्या पैकी गुण मिळवणारी कंपनी होती. २०१९ मध्ये एसएमई मंचावर आली, २०२३ मध्ये मुख्य मंचावर गेली. २०१६-१७ मधली ६१ कोटींची उलाढाल २०२३-२४ मध्ये १,१५२ कोटींवर पोहोचली, नफा दोन कोटींवरून ऐंशी कोटींवर. सौरऊर्जा होती, विजेवरच्या मोटारी होत्या, काळाची हाक होती. जून २०२४ मध्ये शेअर अकराशेच्या वर गेला. ‘वाढणारी कंपनी स्वस्त मिळत नाही’ हे म्हणायला याहून चांगलं गिऱ्हाईक शोधून सापडलं नसतं.

१५ एप्रिल २०२५ चा सेबीचा अंतरिम आदेश सांगतो ते असं. ६,४०० विद्युत मोटारी घेण्यासाठी सरकारी वित्तसंस्थांकडून ६६३.८९ कोटींचं कर्ज उचललं. मोटारी घेतल्या ४,७०४. कंपनीने स्वतः घालायचा वाटा धरून हिशेब केला तर २६२.१३ कोटी कुठे गेले याचा मेळ लागत नाही. काही पैसा फिरत फिरत गुरुग्राममधल्या आलिशान सदनिकेपर्यंत पोहोचल्याचंही आदेशात नमूद आहे. जानेवारीत कंपनीने बाजाराला कळवलं होतं की तिच्या नव्या विद्युत मोटारीसाठी तीस हजार गाड्यांची आगाऊ मागणी आली आहे. कागद पाहिले तेव्हा निघाले नऊ संस्थांबरोबरचे २९ हजार गाड्यांचे सामंजस्य करार, ज्यांत ना किंमत होती ना गाडी केव्हा द्यायची याची तारीख.

आदेशाआधी, ९ एप्रिलला, राष्ट्रीय शेअर बाजाराचा एक अधिकारी कंपनीच्या चाकणमधल्या मोटारींच्या कारखान्यात गेला होता. पुण्यापासून चाकण तासाभराच्या अंतरावर आहे; कोंडी लागली तर दोन. तिथे उत्पादन चालू नव्हतं. दोन-तीन मजूर होते. त्याने महावितरणची बिलं मागितली. मागच्या बारा महिन्यांतलं सर्वांत मोठं बिल डिसेंबर २०२४ चं होतं, १,५७,०३७ रुपयांचं. मोटारींच्या कारखान्याचं वीजबिल इतकंसं नसतं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

प्रतिपक्ष इथे म्हणेल, ‘हा घोटाळा झाला, मूल्यांकनाचा त्याच्याशी काय संबंध?’ संबंध आहे, आणि चांगलाच जवळचा आहे. शंभरपट भाव टिकवायचा तर दर तिमाहीला वाढ दाखवावीच लागते. धंद्यातून ती येत नसेल तर कर्ज काढून, नवे शेअर काढून किंवा नुसत्या घोषणा करून आणावी लागते. महाग भाव हा कंपनीच्या गळ्यातला तगादा असतो, आणि तगादा लागला की चांगल्या माणसांचाही तोल जातो. जेनसोलमध्ये बाहेरच्या माणसाला काय दिसत होतं? प्रवर्तकांचा वाटा ७० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांच्या आसपास उतरला होता, उरलेल्यातला मोठा भाग तारण होता, आणि दीडशेच्या आसपास असलेले भागधारक लाखाच्या वर गेले होते. ही सगळी माहिती जाहीर होती. एप्रिलच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नव्हती.

चाकणचं वीजबिल आपल्याला मागता येणार नाही, पण वार्षिक अहवालात ‘इतर खर्च’ या टिपेखाली वीज आणि इंधनाची ओळ असते, मालवाहतुकीची असते. विक्री दुप्पट आणि वीज तेवढीच, भाडं तेवढंच, पगार तेवढाच, असं दिसलं तर माल कुठे बनला आणि कोणत्या ट्रकमधून गेला हा प्रश्न रास्त आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव घातलं की दरमहा किती कामगारांची वर्गणी भरली जाते तेही दिसतं. पाचशे कोटींची उलाढाल सांगणाऱ्या कारखान्यात बावीस कामगार निघाले, तर पुढे वाचायची गरज नाही.

रोख रकमेचं पान मात्र कधीही चुकवू नये. गेल्या पाच वर्षांच्या नफ्याची बेरीज करावी आणि त्याच पाच वर्षांत धंद्यातून हाती आलेल्या रोख रकमेची बेरीज तिच्याशेजारी ठेवावी. नफा पन्नास कोटी आणि रोख उणे दहा, अशा जोड्या छोट्या कंपन्यांत पुष्कळ सापडतात. यावर एक प्रामाणिक आक्षेप असतो, तोही नोंदवतो. वाढत्या धंद्यात माल आणि उधारी यांत पैसा अडकतोच, त्यामुळे एक-दोन वर्षं रोख उणे असणं हे पाप नव्हे. कबूल. पण मग ती उधारी किती जुनी आहे ते बघा. २०२१ पासून येणी किती महिन्यांची, किती वर्षांची याचा तक्ता ताळेबंदाच्या टिपांमध्ये देणं सक्तीचं झालं आहे. दोन-तीन वर्षं जुनी येणी वाढतच चालली असतील तर ती विक्री नव्हे. आणि गंमत अशी की खोट्या नफ्यामुळे पीई कमी दिसतो. म्हणजे ‘पीई पंधराच आहे, स्वस्त आहे’ म्हणणारा सनातनीही त्याच खड्ड्यात पडतो. माझं भांडण दोघांशीही आहे.

वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क, हे तपासायचं आणखी एक ठिकाण. चौथाई रक्कम आधी भरायची, बाकीची अठरा महिन्यांत. भाव चढला तर पैसे भरून शेअर घ्यायचे, पडला तर चौथाईवर पाणी सोडायचं. ही सोय ज्यांना मिळते त्यांची नावं वाचावीत. प्रेफरन्शियल वाटप, मग बोनस, मग विभाजन, मग मोठ्या ऑर्डरची बातमी, आणि बिगर-प्रवर्तकांवरची सहा महिन्यांची विक्रीबंदी (लॉक-इन) नेमकी तेव्हाच संपते. हा क्रम एकदा ओळखता आला की तो बऱ्याच ठिकाणी दिसू लागतो. पतमानांकन संस्थेने कंपनीच्या नावापुढे ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा मारला असेल, तर तोही फुकटात वाचायला मिळतो.

फंडांच्या भरवशावर राहणाऱ्यांसाठी वडोदऱ्याच्या मनपसंद बेव्हरेजेसचं नाव पुरे. आंब्याचं पेय बनवणारी ही कंपनी २०१५ मध्ये बाजारात आली आणि नावाजलेले म्युच्युअल फंड तिचे भागधारक झाले. मे २०१८ च्या अखेरीस, वार्षिक निकालांच्या तोंडावर, डेलॉइटने लेखापरीक्षकपद सोडलं. महत्त्वाची माहिती मिळत नाही, असं कारण त्यांनी दिलं. शेअरला वीस टक्क्यांचं खालचं सर्किट लागलं. वर्षभराने जीएसटी चुकवल्याच्या आरोपावरून व्यवस्थापनातल्या लोकांना अटक झाली. फंडाकडे साठ शेअर असतात, एक गेला तर एकोणसाठ उरतात. तुमच्याकडे पाच असतात. एसआयपीचा पैसा दरमहा येतोय म्हणून भाव पडणार नाहीत, या समजुतीचं उत्तर फेब्रुवारी २०२५ ने दिलं. एसआयपीतून महिन्याला पंचवीस हजार कोटींहून जास्त येत होते, आणि तरी स्मॉलकॅप निर्देशांक शिखरापासून वीस टक्क्यांहून जास्त घसरला.

मग छोट्या कंपन्या घ्यायच्याच नाहीत का? घ्याव्यात. ज्यांच्या नफ्यामागे रोख आहे, शेअरची संख्या वर्षानुवर्षं तीच आहे आणि प्रवर्तकाच्या तोंडी बाजारभावाचा उल्लेख नाही, अशा कंपन्या आपल्या कोल्हापूर-सांगली-नाशिकच्या औद्योगिक वसाहतींतही आहेत. त्या बहुधा कंटाळवाण्या असतात आणि त्यांच्यावर व्हिडिओ निघत नाहीत.

सेबीने मार्च २०२५ मध्ये एसएमई इश्यूंचे नियम कडक केले. तीनपैकी दोन वर्षांत किमान एक कोटीचा परिचालन नफा हवा, जुन्या भागधारकांची विक्री इश्यूच्या वीस टक्क्यांच्या आत, इश्यूच्या पैशांतून प्रवर्तकांचं कर्ज फेडायला मनाई, आणि किमान अर्ज दोन लाखांच्या वर. नियम योग्य आहेत आणि ते उशिरा आले. पण ते इश्यूच्या दारापुरते आहेत. लिस्टिंगनंतर एखाद्या कंपनीच्या नफ्याला किती पट भाव द्यायचा, यावर कोणताही नियम नाही आणि नसावाही. तिथला गुणाकार ज्याचा पैसा आहे त्यानेच करायचा आहे.